धरायला काही हवं : भूमध्य समुद्रातलं गवत आणि समुद्रघोडे

समुद्रघोडा मासाच आहे. त्याला कल्ले आहेत, पर आहेत, पाठीचा कणा आहे. फक्त पोहण्यात तो फार कच्चा आहे. शेपटीला पर नसल्यामुळे मागून रेटा देणारं काहीच नाही. पाठीवरचा छोटा पर सेकंदाला तीस-चाळीस वेळा थरथरतो आणि तेवढ्या बळावर तो उभ्याउभ्या सरकतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंचे चिमुकले पर दिशा सांभाळतात. जरा जोराचा प्रवाह आला की हे सगळं अपुरं पडतं. म्हणून तो शेपटीने काहीतरी धरून बसतो आणि आयुष्याचा बहुतेक वेळ तसाच काढतो. भूमध्य समुद्रात हे ‘काहीतरी’ म्हणजे पुष्कळदा समुद्री गवत. गवत गेलं की समुद्रघोडा दुसरीकडे निघून जाईल असं वाटणं साहजिक आहे, पण तो जाऊ शकत नाही. त्याची सगळी अडचण इथे आहे.

हे गवत म्हणजे शेवाळ नव्हे

शेवाळाला खरी मुळं नसतात, फुलं नसतात. समुद्री गवताला दोन्ही असतात. जमिनीवरच्या वनस्पतींचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी पुन्हा पाण्यात शिरले, त्यांचे हे वंशज. भूमध्य समुद्रात यातल्या तीन-चार जाती महत्त्वाच्या आहेत आणि समुद्रघोड्याच्या दृष्टीने त्या सारख्या नाहीत.

सगळ्यात प्रसिद्ध पोसिडोनिया ओशिआनिका. ही जात फक्त भूमध्य समुद्रातच सापडते. पाणी स्वच्छ असेल तर किनाऱ्यापासून सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत वाढते. पात साधारण एक सेंटिमीटर रुंद आणि लांबीला मीटरभरही होते. जमिनीखाली आल्याच्या गड्ड्यासारखं आडवं खोड पसरतं आणि त्यावरून पातींचे झुबके वर येतात. हे आडवं खोड वर्षाला फार तर काही सेंटिमीटर पुढे सरकतं. जुनी खोडं, मुळं आणि मध्ये अडकलेली वाळू यांचा घट्ट थर साचत जातो. फ्रेंच अभ्यासक त्याला ‘मॅट’ म्हणतात. हा थर शंभर वर्षांत जास्तीत जास्त मीटरभर उंच होतो आणि काही ठिकाणी तो कित्येक मीटर जाड आहे. म्हणजे त्या जागेवर हजारो वर्षं सलग गवतच होतं. स्पेनच्या इबिझा आणि फोर्मेंतेरा बेटांमधल्या पोसिडोनियाच्या कुरणांचा समावेश युनेस्कोने १९९९ मध्ये जागतिक वारसा यादीत केला, तो या जुनेपणामुळेही.

दुसरी जात सायमोडोसिया नोडोसा. हिची पात जेमतेम दोन ते चार मिलिमीटर रुंद आणि वीतभर लांब. ही भराभर वाढते, वाळूवर लवकर पसरते आणि हिवाळ्यात बरीच पानं गाळते. तिसरी झोस्टेरा, तिच्या दोन जाती उथळ खाजणांत आणि खाऱ्या सरोवरांत वाढतात. फ्रान्समधल्या सेत शहराजवळचं थो सरोवर हे तिचं एक मोठं घर आणि तिथे समुद्रघोडेही भरपूर.

चित्रफितींमध्ये समुद्रघोडा नेहमी पोसिडोनियाच्या घनदाट कुरणाच्या मधोमध दाखवतात. प्रत्यक्षात शोधायला गेलात तर तिथे तो दिसण्याची शक्यता कमी. दाट कुरणात पाती सतत हलतात, शिकार दिसत नाही आणि पोसिडोनियाची रुंद पात शेपटीच्या पकडीला सायमोडोसियाच्या दांड्याइतकी सोयीची नाही. त्या दाटीत पाइपफिश जास्त शोभतो. हा समुद्रघोड्याचाच सरळ, काडीसारखा भाऊबंद, पातींमध्ये पातच होऊन उभा राहतो. समुद्रघोडा शोधायचा तर कुरणाच्या कडेला, जिथे गवत विरळ होऊन वाळू सुरू होते तिथे, किंवा सायमोडोसिया आणि झोस्टेराच्या मिश्र पट्ट्यात. पोसिडोनियाचं मोल यामुळे कमी होत नाही. लाटांचा जोर तोडून, गाळ बसवून, पाणी नितळ ठेवून ती आजूबाजूचा सगळा शांत उथळ भाग राहण्याजोगा करते. तिच्या आडोशाला असलेल्या जागेत समुद्रघोडा तग धरतो.

दोन जाती, दोन आवडी

भूमध्य समुद्रातल्या मूळच्या जाती दोन. लांब तोंडाचा हिप्पोकॅम्पस गुट्टुलाटस आणि आखूड तोंडाचा हिप्पोकॅम्पस हिप्पोकॅम्पस. (तांबड्या समुद्रातला फुस्कस सुएझ कालव्यातून पूर्व भागात आला आहे, पण तो विषय वेगळा.) लांब तोंडाचा वीस सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, आखूड तोंडाचा पंधराच्या आत राहतो.

ओळखायचं कसं? डोक्याच्या पूर्ण लांबीत नळीसारख्या तोंडाचा वाटा किती ते पाहायचं. एक तृतीयांशाहून स्पष्ट जास्त असेल तर गुट्टुलाटस, कमी असेल तर हिप्पोकॅम्पस. गुट्टुलाटसच्या अंगावर गडद कड असलेले पांढरे ठिपके असतात, ते ओळीने जुळून बारीक नक्षी होते. मानेवरच्या कातडीच्या झालरीवरून मात्र जात ठरवू नये. बरेच जण इथेच फसतात. झालर गुट्टुलाटसला जास्त असते हे खरं, पण आखूड तोंडाच्यालाही ती असू शकते आणि गुट्टुलाटस बिनझालरीचाही सापडतो. रंग तर मुळीच धरू नये. पिवळा, तपकिरी, हिरवट, काळपट, एकच प्राणी परिसराप्रमाणे रंग बदलतो.

लांब तोंडाच्याला गुंतागुंत आवडते. गवत, शेवाळ, नळीकिडे, स्पंज, शिंपल्यांचे पुंजके, जितकं जास्त काही उगवलेलं तितका तो तिथे जास्त. शेपटीने काय धरायचं याबद्दल तो चोखंदळ नाही. आखूड तोंडाचा उघड्या, वाळूच्या, विरळ जागा पसंत करतो. म्हणून एकाच खाडीत दोघे असले तरी त्यांचे पट्टे वेगळे पडतात. ग्रीसमध्ये हाल्किदिकीच्या किनाऱ्यावर स्त्रातोनी नावाचं गाव आहे, तिथल्या उथळ पाण्यात आखूड तोंडाच्यांची वस्ती प्रसिद्ध आहे.

शेपटी आणि तोंड, जवळून

बहुतेक प्राण्यांच्या शेपट्या आडव्या छेदात गोल असतात. समुद्रघोड्याची चौकोनी असते. शेपटीत तीस-चाळीस हाडांची कडी एकामागे एक आणि प्रत्येक कडं चार कोपऱ्यांवरच्या चार काटकोनी तुकड्यांचं. हे तुकडे एकमेकांवर सरकतात. बाहेरून दाब आला, समजा खेकड्याने चिमट्यात पकडलं, तर कडं चपटं होतं, पण आतला कणा वाचतो. प्रयोगांत शेपटी तिच्या जवळपास निम्म्या रुंदीपर्यंत दाबली तरी कायमचं नुकसान झालं नाही. सपाट बाजूंमुळे धरलेल्या वस्तूला जास्त जागेवर टेकता येतं आणि पकड घट्ट बसते. चिलखत आणि हात, दोन्ही कामं एकाच अवयवात.

आता तोंड. समुद्रघोड्याला दात नाहीत आणि पोटही नाही, अन्न घशातून सरळ आतड्यात जातं. साठवण नाही म्हणून दिवसभर थोडं थोडं खात राहावं लागतं. खाणं म्हणजे कोपेपॉड, अॅम्फिपॉड आणि मायसिड नावाची बारीक कोळंबीसारखी कवचधारी. एका जागी बसून तो दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवत राहतो. शिकार साधारण सेंटिमीटरभर अंतरावर आली की मानेच्या स्नायूंनी आधीच ताणून ठेवलेल्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) सुटतात. डोकं वर झटकतं, नळीचं टोक शिकारीपाशी पोचतं आणि त्याच क्षणी तोंडाची पोकळी फुगून पाणी आत ओढलं जातं. हे सगळं काही मिलिसेकंदांत. स्नायू स्वतःच्या बळावर इतके वेगवान असू शकत नाहीत, म्हणून ऊर्जा कंडरेत साठवून एकदम सोडायची ही युक्ती. मानेचा तो घोड्यासारखा बाकही यासाठीच उपयोगी पडतो, त्यामुळे सरळ पाइपफिशपेक्षा जास्त अंतरावरची शिकार टिपता येते.

यातून त्याच्या गरजा स्पष्ट होतात. धरायला आधार हवा, पाणी संथ हवं, डोळ्यांनी शिकार दिसेल इतकं नितळ हवं आणि त्याच्यापर्यंत तरंगत येईल असं जिवंत अन्न सतत हवं. चारांपैकी एक जरी तुटलं तरी तो उपाशी राहतो.

पिल्लं नराच्या पिशवीत

मादी अंडी नराच्या पोटाखालच्या पिशवीत घालते, तिथे त्यांचं फलन होतं. पिशवी म्हणजे नुसती थैली नाही. तिच्या आतल्या भिंतीत रक्तवाहिन्यांचं जाळं तयार होतं, भ्रूणांना प्राणवायू पुरवला जातो आणि आतल्या द्रवाचा खारटपणा हळूहळू समुद्राच्या पाण्याशी जुळवला जातो. पाण्याच्या तापमानाप्रमाणे तीन ते पाच आठवड्यांनी नर पिल्लं बाहेर टाकतो. मोठ्या गुट्टुलाटस नराच्या पिशवीतून एका वेळी काहीशे पिल्लं निघतात, प्रत्येक दीड सेंटिमीटरच्या आसपास.

इथून पुढे बाप त्यांच्याकडे बघत नाही. पिल्लं पहिले काही आठवडे प्लवकांबरोबर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांबरोबर, वाहत जातात आणि मग तळाशी उतरून पहिला आधार धरतात. आयुष्यात लांबचा प्रवास होतो तो बहुधा याच काळात. एकदा स्थिरावलेला प्रौढ गुट्टुलाटस अगदी थोड्या जागेत फिरतो, पोर्तुगालमधल्या अभ्यासात ती सरासरी २० चौरस मीटरच्या आसपास निघाली. म्हणजे एखाद्या खाडीतली वस्ती संपली तर शेजारच्या खाडीतले प्रौढ येऊन ती भरत नाहीत. वाहत येणाऱ्या पिल्लांची वाट पाहावी लागते आणि ती येतीलच याची खात्री नसते.

बिघडतं कुठे

नांगरापासून सुरू करू, कारण ते नुकसान दिसतं आणि टाळताही येतं. नौका पोसिडोनियावर नांगर टाकते तेव्हा तीन वेळा इजा होते. नांगर पडताना पाती आणि खोडं तुटतात. नौका वाऱ्याने फिरते तशी साखळी तळावर अर्धवर्तुळात घासत राहते. आणि नांगर उचलताना त्याच्या दातांत अडकलेले झुबके मुळासकट उपटले जातात. उघडा पडलेला मॅट मग लाटा आणि प्रवाह कुरतडतात आणि खड्डा रुंदावतो. समजा खड्डा दोन मीटर रुंद झाला. दोन्ही कडांनी गवत वर्षाला अडीच सेंटिमीटर पुढे आलं, तर तो मिटायला चाळीस वर्षं, तीही मध्ये पुन्हा कोणी नांगर टाकला नाही तर. फुलं-बियांवर विसंबता येत नाही, पोसिडोनिया दरवर्षी नेमाने फुलत नाही. इबिझा ज्यांत येतं त्या स्पेनच्या बालेआरिक बेटांनी २०१८ मध्ये पोसिडोनियावर नांगर टाकायला बंदी केली. फ्रान्सने २०१९ नंतर २४ मीटरपेक्षा लांब नौकांवर निर्बंध आणले. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमाने समुद्री गवताच्या कुरणांवर ट्रॉलिंगला, म्हणजे नौकेमागे जाळं ओढत मासेमारी करायला, बंदी आहे. नियम चांगले आहेत, पण पाळणूक तपासायला माणसं आणि नौका लागतात. बहुतेक ठिकाणी अडतं तिथेच.

नांगरापेक्षा वाईट म्हणजे पाण्यात उतरणारं खत. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण स्पेनच्या मुर्सिया प्रांतातलं मार मेनोर. १३५ चौरस किलोमीटरचं हे खारं सरोवर जास्तीत जास्त सात मीटर खोल आहे, वाळूच्या अरुंद पट्टीने समुद्रापासून वेगळं झालेलं. एकेकाळी लांब तोंडाच्या समुद्रघोड्यांसाठी ते नावाजलेलं होतं. १९७९ पासून ताहो नदीचं पाणी कालव्याने या भागात आलं, शेजारच्या मैदानात बारमाही बागायती वाढली आणि खतांतलं नायट्रेट ओढ्यांतून आणि भूजलातून सरोवरात झिरपत राहिलं. बरीच वर्षं तळावरच्या वनस्पतींनी ते पचवलं, म्हणून वरून सगळं ठीक दिसत होतं. २०१६ मध्ये सहनशक्ती संपली. सूक्ष्म शैवालाचा स्फोट होऊन पाणी हिरवं झालं, तळापर्यंत प्रकाश पोचेना आणि तळावरची सुमारे ८५ टक्के वनस्पती मेली. मेलेली वनस्पती कुजताना आणखी प्राणवायू खाते आणि साठवलेलं पोषणद्रव्य परत पाण्यात सोडते. बिघाड मग स्वतःच स्वतःला पोसतो.

सप्टेंबर २०१९ मध्ये अतिवृष्टीचं गोडं पाणी सरोवरात शिरलं आणि हलकं असल्याने वर तरंगत राहिलं. खालचा खारट थर झाकला गेला, त्यातला प्राणवायू संपत गेला. १२ ऑक्टोबरला हजारो मासे आणि खेकडे धडपडत काठाला आले आणि तिथेच मेले. ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा मासे मेले. वेगाने पोहणारा मासा निदान काठापर्यंत तरी पळाला. जो शेपटीने तळाला धरून बसतो, त्याला तेवढंही शक्य नसतं. लोकांनी सहा लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या आणि २०२२ च्या कायद्याने मार मेनोरला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा मिळाला, युरोपात पहिल्यांदाच. २०२४ मध्ये स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा ग्राह्य धरला. कायद्याने पाणी लगेच नितळ होत नाही, भूजलात साठलेलं नायट्रेट अजून वर्षानुवर्षं येत राहणार. पण सरोवराच्या वतीने कोणालाही न्यायालयात जाता येतं, ही मोठी गोष्ट आहे.

उष्णतेचा मुद्दाही आहे. उन्हाळ्यात पाणी २८ अंश सेल्सिअसच्या पुढे बरेच दिवस राहिलं की पोसिडोनियाचे झुबके मरण्याचं प्रमाण वाढतं. बंद सरोवरांत गरम पाण्यात प्राणवायूही कमी मुरतो. थो सरोवरात २०१८ च्या उन्हाळ्यात असंच झालं आणि कालव-शिंपल्यांच्या शेतीला मोठा फटका बसला.

इटलीतल्या तारांतो शहराजवळची मार पिक्कोलो ही बंदिस्त खाडी म्हणजे या सगळ्याला छेद देणारा नमुना. नौदलाचा तळ, कारखाने, प्रदूषित गाळ, तरीही तिथे समुद्रघोडे दाट संख्येने होते, कारण शिंपल्यांच्या शेतीचे दोर, नळीकिडे, खांब असे आधार मुबलक होते आणि पाणी संथ. पुढे २०१० च्या दशकात ती संख्या झपाट्याने घसरली आणि संशय चोरट्या मासेमारीवरही आहे. वाळवलेल्या समुद्रघोड्यांना पूर्व आशियातल्या पारंपरिक औषधांच्या बाजारात मागणी आहे. सगळ्याच समुद्रघोड्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार सायटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली मे २००४ पासून नियंत्रित आहे.

तुम्ही तिकडे जाणार असाल तर

युरोपात राहणारे, शिकणारे किंवा सुटीत स्नॉर्केल घेऊन उतरणारे मराठी लोक आता कमी नाहीत, म्हणून हे थोडं सविस्तर. मे ते ऑक्टोबर हा काळ बरा, हिवाळ्यात समुद्रघोडे बऱ्याच ठिकाणी खोल पाण्याकडे सरकतात. वारा पडलेला दिवस निवडा. एक ते पाच मीटर खोलीच्या आडोशाच्या जागी, गवत आणि वाळूच्या सीमेवरून अगदी हळू पुढे जा. वरून खाली बघत गेलात तर काही दिसणार नाही. गवताच्या उंचीला येऊन आडव्या नजरेने बघा आणि पूर्ण प्राणी शोधू नका. एखाद्या दांड्याला पडलेला वेढा, एक डोळा, डोक्यावरचा तुरा, यांपैकी एक काही सापडतं. फ्लिपरने तळ ढवळू नका. गाळ उडाला की तुमचं बघणं संपतं आणि त्याचं खाणंही.

दिसल्यावर हात लावायचा नाही, आधारावरून सोडवायचा नाही, फ्लॅश वापरायचा नाही. तो पाठ फिरवून मान खाली घालत असेल तर त्याला त्रास होतोय, निघावं. सोडवलेल्या समुद्रघोड्याला पुन्हा आधार शोधेपर्यंत उघड्यावर पोहावं लागतं आणि खेकडे, कटलफिश, मोठे मासे टपलेले असतातच.

नौकेवर असाल तर कप्तानाला फिक्या, वाळूच्या पट्ट्यावर नांगर टाकायला सांगा. गडद डाग म्हणजे बहुधा गवत. साखळी फिरेल तेवढं वर्तुळही वाळूतच राहील असं बघा. नौका बांधायचे कायमचे बोये (तरंगते खुणेचे गोळे) असतील तर पैसे भरून तेच वापरा. भूमध्य समुद्राच्या फ्रेंच आणि स्पॅनिश किनाऱ्यांवर पोसिडोनियाचे नकाशे दाखवणारं डोनिया नावाचं अॅप मिळतं. किनाऱ्यावर साचलेले तपकिरी पातींचे ढीग बघून नाक मुरडू नका. तो कचरा नाही. हिवाळी लाटांपासून वाळू धरून ठेवणारा बांध आहे आणि तो उचलला की समुद्र किनाऱ्याची वाळू ओढून नेतो.

स्मरणवस्तू म्हणून वाळवलेला समुद्रघोडा कुठेच विकत घेऊ नका, आणि भारतात तर बाळगूही नका. आपल्याकडे समुद्रघोडे आणि पाइपफिश यांचं सगळं कुळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. कोकण-गोव्याच्या खाड्यांत सापडणाऱ्या कुडा जातीलाही तेच संरक्षण.

नोंद करायची असेल तर ‘प्रोजेक्ट सीहॉर्स’ या संस्थेच्या ‘आयसीहॉर्स’ संकेतस्थळावर ती देता येते. तारीख, खोली, शेपटीने काय धरलं होतं, तोंड लांब की आखूड आणि नर की मादी एवढं लिहा. नराच्या पोटाखाली शेपटीच्या मुळाशी गुळगुळीत पिशवी असते, मादीचं पोट तिथे कोनात संपतं. उंची अंदाजे द्यायची तर डोक्यावरच्या तुऱ्यापासून सरळ केलेल्या शेपटीच्या टोकापर्यंत धरतात, पण त्यासाठी शेपटी सरळ करायला जाऊ नका, अंदाजच पुरे. समाजमाध्यमांवर फोटो टाकाल तेव्हा खाडीचं नाव आणि नकाशावरची खूण काढून टाका. वाळवलेले समुद्रघोडे विकणारेही ते फोटो बघतात.